एन. डी. सर विधानसभेवर एकदाच निवडून आले. मग त्यांची कारकीर्द मोजायची कशी?

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

आमच्या पेठेतील वाचनालयात दर महिन्याला भित्तिपत्रक लागते. 17 जानेवारी हा प्रा. एन. डी. पाटील यांचा स्मृतिदिन असल्याने (2022 मध्ये याच दिवशी ते कोल्हापुरात गेले) या वेळच्या अंकासाठी त्यांच्यावर चारशे शब्दांचे टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी ते लिहिलेही. 15 जुलै 1929 रोजी जन्म, गाव ढवळी, आजचा सांगली जिल्हा; तरुणपणीच शेतकरी कामगार पक्षात (शेकाप) प्रवेश; साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक, नंतर इस्लामपूरच्या महाविद्यालयाचे प्राचार्य; 1960 ते 66, 1970 ते 76 आणि 1976 ते 82 असे तीन वेळा विधान परिषदेचे सदस्य; 1978 ते 80 सहकार मंत्री; 1985 ते 90 कोल्हापूरचे आमदार; 1990 ते 2008 रयत शिक्षण संस्थेचे चेअरमन.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या भाच्याने हे टिपण वाचले आणि विचारले, "मामा, हे विधानसभेवर किती वेळा निवडून आले?" मी म्हणालो, "एकदा." त्यावर तो शांतपणे म्हणाला, "आपल्या प्रभागातले नगरसेवक तीनदा आलेत." त्याला सरांचा अवमान करायचा नव्हता, हिशेब तेवढा विचारायचा होता, आणि मला त्याक्षणी काही सुचले नाही हे मला जास्त लागले. टिपण पुन्हा वाचल्यावर ते मला सरकारी कचेरीत टांगलेल्या पदाधिकाऱ्यांच्या फलकासारखे वाटू लागले. ज्या माणसाची पदे त्याच्या कामापुढे तोकडी पडतात, त्याची राजकीय कारकीर्द सांगावी तरी कशी? जाणकारांनी लिहावे, अशी विनंती आहे.

मिसळप्रेमी

भाच्याला स्पर्धा परीक्षा सोडून महापालिकेच्या निवडणुकीला उभे करा. मुलगा हुशार आहे.

सेवासोसायटी

भाच्याचा प्रश्न रास्त आहे आणि त्यावर रागावून चालणार नाही. आपल्या जिल्ह्यात राजकीय कारकीर्द म्हणजे काय, याची एक ठरलेली शिडी आहे. आधी गावच्या विकास सोसायटीचा संचालक, मग दूध संस्थेचा चेअरमन, मग ग्रामपंचायत किंवा पंचायत समिती, जमल्यास जिल्हा परिषद. तोवर साखर कारखान्याच्या किंवा गोकुळ या जिल्हा दूध संघाच्या पॅनेलमध्ये नाव घुसवायचे, जिल्हा बँकेच्या ठरावांवर पकड बसवायची आणि एवढे झाले की विधानसभेचे तिकीट आपोआप दारात येते. मी स्वतः यातील पहिल्या दोन पायऱ्या चढून गुडघे दुखू लागल्याने खाली उतरलो, म्हणून अधिकाराने सांगतो. विधानसभेला माणूस पाच वर्षांतून एकदा मत देतो, पण दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येते. त्यामुळे खरी पकड कुठे असते, हे वेगळे सांगायला नको.

सरांनी या शिडीला पायच लावला नाही. त्यांच्या मागे ना कारखाना होता, ना बँक, ना दूध संघ. तेव्हा शिडीच्या मापाने मोजले तर ते जमिनीवरच उभे दिसणार. दोष मापाचा आहे.

पुणेकर_पाहुणा

माझी अशी समजूत होती की ते आयुष्यभर आंदोलनातच राहिले आणि सत्तेच्या वाऱ्यालाही उभे राहिले नाहीत. ते मंत्री होते, हे मला या धाग्यावरून प्रथमच कळले. त्याची नोंद कुठे होत कशी नाही?

ताराबाईपार्क

पुणेकर, नोंद आहे; आपण वाचत नाही इतकेच. 18 जुलै 1978 रोजी शरद पवारांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) सरकार आले. शेकाप त्यात सामील होता आणि सहकार खाते सरांकडे आले. 17 फेब्रुवारी 1980 रोजी केंद्राने ते सरकार बरखास्त केले. म्हणजे एकूण एकोणीस महिने.

मी सहकार न्यायालयात वकिली करते, म्हणून हे खाते काय असते ते थोडे विस्ताराने लिहिते. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात काही कलमे अशी आहेत की ती आपल्याकडे शाळा न शिकलेल्या माणसालाही आकड्याने पाठ असतात. "83 लागली" म्हणजे संस्थेच्या कारभाराची चौकशी सुरू झाली. "88 लागली" म्हणजे झालेल्या नुकसानीची रक्कम संचालकांच्या नावावर निश्चित होणार आणि घरदार धोक्यात येणार. त्या काळी 78 खाली संचालक मंडळ जाऊन संस्थेवर प्रशासक येई. कलम 152 खालची कित्येक अपिले तर थेट मंत्र्यांपुढे चालतात. ज्या पट्ट्यात प्रत्येक आमदाराचा जीव एखाद्या संस्थेत अडकलेला असतो, तिथे या खात्याच्या मंत्र्याच्या हाती किती चाव्या असतात, याची कल्पना करा. एका चौकशीने विरोधक गप्प बसवता येतो आणि एका स्थगितीने मित्र कायमचा बांधून ठेवता येतो. अशा खुर्चीत एकोणीस महिने बसून जो माणूस स्वतःच्या नावावर एकही संस्था न ठेवता बाहेर पडतो, त्याच्याविषयी "मंत्री होते" एवढेच लिहिणे अपुरे आहे. रंकाळाकाठ, तुमच्या टिपणात हे खाते अर्ध्या ओळीत संपले आहे, ते वाढवा.

जुना_करवीर

मी थोडा वेगळा सूर लावणार आहे, माफ करावे.

1985 ला मी आयुष्यातले पहिले मत दिले आणि ते सरांना दिले. त्या वेळी आमच्या तालमीत शेकापच्या खटारा या चिन्हाचे पत्रक दाराच्या आतल्या बाजूला खळीने चिकटवलेले होते. पुढे दार रंगवतानाही कुणी ते खरवडले नाही, त्यावरूनच ब्रश फिरवला, त्यामुळे कडा अजून हाताला लागतात. पण 1990 ला मी मत दुसरीकडे दिले आणि त्याची मला तेव्हा लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. शहरातल्या मतदाराला आमदाराकडून काय हवे असते? गटार तुंबले तर अभियंत्याला फोन करणारा माणूस, दवाखान्यात खाट मिळवून देणारी चिठ्ठी, पोराच्या प्रवेशासाठी शिफारस. माझ्या वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी एका मोठ्या रुग्णालयात आम्हाला तीन दिवस व्हरांड्यात काढावे लागले आणि अखेर एका नगरसेवकाच्या फोनवर खाट मिळाली. तो फोन योग्य होता असे मी म्हणत नाही. पण त्या रात्री मला धोरणावर भाषण करणारा आमदार नको होता. 1990 ला ही जागा शेकापच्या हातून गेली, त्यामागे माझ्यासारखे पुष्कळ लोक असावेत.

म्हणून सरांना डोक्यावर घ्या, पण "लोकांना त्यांची किंमत कळली नाही" असे भित्तिपत्रकात लिहू नका. लोकांना किंमत कळत होती, फक्त त्यांची गरज वेगळी होती.

सेवासोसायटी

जुना_करवीर, हे प्रांजळपणे लिहिल्याबद्दल आभार. खाटेचा प्रश्न चिठ्ठीने सुटतो आणि म्हणूनच तो पुढच्याला पुन्हा पडतो, एवढेच माझे म्हणणे.

हमीदवाडाकर

शिडीचा विषय निघालाच आहे, तर शिडी चढलेल्या माणसाला कमी लेखू नका, ही माझी विनंती आहे. आमच्या कागलचे सदाशिवराव मंडलिक जिल्हा परिषदेतून वर आले, 1972 ला आमदार झाले, राज्यात मंत्री झाले आणि 1998, 1999, 2004, 2009 असे चार वेळा कोल्हापूरचे खासदार झाले. 2009 ला राष्ट्रवादीने उमेदवारी नाकारली, तेव्हा पंचाहत्तरीला टेकलेला हा माणूस अपक्ष उभा राहिला आणि पक्षाच्या अधिकृत उमेदवाराला, तेही छत्रपती घराण्यातील संभाजीराजांना, हरवून दिल्लीला गेला. हे शिडीशिवाय होत नाही. ज्या गावात त्यांनी पाण्यासाठी भांडण केले, पतपुरवठा मिळवून दिला, ऊस नेला, त्या गावाने पक्ष न पाहता मत दिले. आमच्याकडे आजही माणूस मंडलिक गटाचा, मुश्रीफ गटाचा की घाटगे गटाचा, हे आधी कळते आणि पक्ष नंतर विचारला जातो.

एन. डी. सर आणि मंडलिक यांची तुलना करण्याचा हेतू नाही, पण संस्था उभी करणारा तेवढा आपमतलबी आणि मोर्चा काढणारा तेवढा निःस्वार्थी, अशी वाटणी या धाग्यावर होत असेल तर ती चुकीची आहे.

ताराबाईपार्क

हमीदवाडाकर, मान्य आहे. वाटणी तशी मी केलेली नाही, परंतु माझ्या लिहिण्याचा कल तिकडे गेला असेल.

भोगावती_काठचा

शहरातल्या मंडळींच्या लिहिण्यात एक गोष्ट सुटली आहे, ती म्हणजे शेतीपंपाचे वीजबिल.

माझे वडील आमच्या गावच्या पाणीपुरवठा संस्थेचे सचिव होते. भोगावतीवरून पाणी उचलून माळावर न्यायचे, तर मोटारी मोठ्या लागतात आणि बिलही तसेच येते. आकारणी वापरलेल्या युनिटांवर न होता मोटारीच्या अश्वशक्तीवर व्हायची, त्यामुळे वीज आठ तास आली काय किंवा चार तास आली काय, बिलाचा आकडा तोच. त्यातच उन्हाळ्यात उपसाबंदी लागली की मोटार बंद, ऊस वाळतोय आणि बिल मात्र चालू. वडिलांकडे लाल कापडी बांधणीची एक वही होती. तिच्यात ते रोज रात्री वीज किती वाजता आली आणि किती वाजता गेली, हे लिहीत. शेवटच्या रकान्यात "प्रत्यक्ष तास" असे असे. आईला वाटे, हा माणूस उगाच डोळे फोडून घेतो आहे.

त्या वहीचा अर्थ मला इरिगेशन फेडरेशनच्या मेळाव्यात कळला. सर त्या लढ्याचे नेते होते आणि त्यांचे भाषण म्हणजे अर्थशास्त्राचा तास असे. टाळीची वाक्ये कमी, आकडेच जास्त. दर कोण ठरवते, कोणत्या सुनावणीत ठरवते, शेतकऱ्याच्या नावावर किती वापर दाखवला जातो आणि गळती कुणाच्या माथी मारली जाते, हे ते एकेक करून उलगडून सांगत. शेजारी बसलेला धोतरातला म्हातारा मध्येच मला म्हणाला, "बाळ, ह्यो मास्तर हाय, पण वर्ग आमचा घेतोय." माझ्या दृष्टीने त्यांची कारकीर्द ती आहे. आमदारकी असती तर बरे, नसती तरी मेळावा झालाच असता.

आता वडील नाहीत, पण वही आहे. नातू तिच्यात क्रिकेटचे धावफलक लिहितो, मी रागावत नाही.

निपाणीकर

सीमाभागातून लिहितो आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत आम्ही पलीकडे गेलो, 1967 ला महाजन आयोगाचा अहवाल आला आणि 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आमच्या मते या काळात मुंबईतल्या पुढाऱ्यांनी सीमाप्रश्न निवडणुकीपुरता वापरला. सरांनी तो कागदपत्रांसह आयुष्यभर सांभाळला. विशेष म्हणजे आमची मते त्यांच्या कोणत्याही मतदारसंघात नव्हती. जिथे एकही मत मिळणार नाही, तिथे किती वर्षे काम केले, हेही एक माप होऊ शकते.

जाता जाता एक आठवण करून देतो. 1977 ला कोल्हापूरने शेकापचे दाजिबा देसाई यांना लोकसभेवर पाठवले होते आणि ते सीमालढ्यातले होते. त्याआधी 1957 ला भाऊसाहेब महागावकर, तेही शेकापचेच. तुमच्या जिल्ह्याची स्मृती बरीच लांबपर्यंत जाते. तिला गोकुळ आणि कारखान्यापाशीच थांबवू नका.

पुणेकर_पाहुणा

एक अप्रिय प्रश्न विचारतो. सरोजताई पाटील या शरद पवारांच्या भगिनी. म्हणजे सर पवारांचे मेहुणे. सहकार खाते त्यांना पवारांच्या मंत्रिमंडळातच मिळाले. पुढे ज्या रयत संस्थेचे अध्यक्ष पवार, तिचे चेअरमनपद सरांकडे अठरा वर्षे होते, आणि रयत ही काही लहान संस्था नव्हे. मग शिडी नव्हती असे म्हणताना घरातल्या जिन्याचा विचार करायचा नाही का?

मिसळप्रेमी

पुणेकरांनी रस्सा न मागता थेट कटच मागवला आहे.

सेवासोसायटी

प्रश्न अप्रिय असला तरी उत्तर अवघड नाही. जिन्याचा उपयोग करणारा माणूस जिना बांधणाऱ्याच्या दारात मोर्चा नेत नाही. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा करार 1993 मध्ये झाला, तेव्हा मुख्यमंत्री पवारच होते आणि एन्रॉनला विरोध करणाऱ्यांत सर पुढे होते. रायगडमधील महामुंबई सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) वेळी राज्यात आघाडीचे सरकार होते, तिथेही सर शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. कोल्हापूरचा टोल सुरू झाला तेव्हाही तेच सरकार होते. नाते होते, ते त्यांनी लपवले नाही आणि त्याच्यासाठी वाटही बदलली नाही.

मंत्रिपदाबाबत म्हणाल, तर 1978 ला ते शेकापचे सरचिटणीस होते, विधान परिषदेतला त्यांचा अनुभव मोठा होता आणि पक्ष सरकारचा घटक होता. तेव्हा ते खाते मेहुणेपणाने मिळाले, असे म्हणणे पक्षावर अन्याय करणारे आहे.

ताराबाईपार्क

रयतबद्दल पुणेकरांचा मुद्दा मात्र मी पूर्णपणे उडवून लावणार नाही. अठरा वर्षांचे चेअरमनपद ही सत्ताच असते. बदल्या, नेमणुका, इमारती, सगळे त्यात येते. फरक इतकाच की ते नाते पवारांमुळे जुळलेले नव्हते. 1959 पासून सर रयतच्या मॅनेजिंग कौन्सिलवर होते आणि त्याही आधी साताऱ्यात "कमवा व शिका" योजनेतल्या मुलांबरोबर त्यांनी काम केले होते. संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील जन्माने आपल्याच जिल्ह्यातल्या कुंभोजचे, म्हणून कोल्हापूरला ही संस्था आपली वाटते. पण सरांचा तिच्याशी संबंध गावकीचा नव्हता, शिक्षकाचा होता.

पेणवाला

सेझचा उल्लेख आला म्हणून लिहितो. 21 सप्टेंबर 2008 रोजी आमच्या पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील 22 गावांत सेझसाठी जमीन द्यायची की नाही, यावर जनमत घेतले गेले. आमचे काका गावच्या शाळेत रांगेत उभे राहिले होते. ते म्हणाले होते की आयुष्यात प्रथमच उमेदवार नसलेल्या निवडणुकीत मत दिले. त्या लढ्यात एन. डी. सर वयाच्या ऐंशीच्या घरात असताना आमच्याकडे येत होते. कोल्हापूर ते पेण एसटीने किती तास लागतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यापुढे सांगण्याची गरज नाही.

भाच्याला एवढे सांगा की ते आमच्याकडे कधी उभेच नव्हते, तरी आम्ही त्यांना निवडले होते.

फुलेवाडीनाका

टोलवर कुणीच सविस्तर लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटते. माझा दुधाचा टेम्पो आहे. शहरातले रस्ते खासगी कंपनीने बांधायचे आणि तीस वर्षे शहराच्या नऊ नाक्यांवर टोल वसूल करायचा, असा तो प्रकल्प होता. पहाटे साडेचारला कॅन घेऊन मी फुलेवाडीवरून आत यायचो. पावतीच्या खिडकीपुढे गाडी थांबवायची, इंजिन चालूच ठेवायचे आणि म्हणायचे, "देणार नाही." तो पोरगाही इथल्याच खेड्यातला, तोही खाली मान घालून म्हणायचा, "दादा, मला नोकरी आहे." मग पाठीमागे रांग लागायची, कुणीतरी भोंगा वाजवायचे आणि फळी वर जायची. कधी जायची नाही, तेव्हा दूध उशिरा पोहोचल्याने बोलणी मी खायचो.

त्या आंदोलनात सगळे पक्ष होते, तालमी होत्या, रिक्षावाले होते. पुढे एन. डी. सर आणि गोविंद पानसरे अशी दोन वयोवृद्ध माणसे होती. पैकी पानसरे अण्णांवर 16 फेब्रुवारी 2015 रोजी सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या झाडल्या गेल्या आणि 20 तारखेला ते गेले. टोल रद्द झाल्याची घोषणा त्याच वर्षाच्या शेवटी, डिसेंबरात झाली. सर तेव्हा शहाऐंशी वर्षांचे होते आणि त्यांच्याकडे कोणतेही पद नव्हते. आमदार होते तेव्हा त्यांनी शहरासाठी काय केले, हे जुना_करवीर यांनी विचारले, ते बरोबरच आहे. आमदारकी जाऊन पंचवीस वर्षे झाल्यावर काय केले, ते मी सांगितले.

जुना_करवीर

फुलेवाडीनाका, टोलच्या मोर्चात मीही होतो. 1990 चे मत मी परत घेत नाही, पण त्या मोर्चात मी पुढच्या रांगेत जायचे टाळले होते, हे मात्र खरे. उगाच कुणी विचारले असते, "भाई, तुमचे मत कुणाला?"

मिसळप्रेमी

आता गंभीरपणे लिहितो, नाहीतर हाकलले जाईन. तीन कार्यकाळ विधान परिषद म्हणजे अठरा वर्षे आणि विधानसभा पाच वर्षे. एकूण तेवीस वर्षे विधिमंडळात. बारा वर्षांपेक्षा कमी सदस्यत्व असलेले अनेकजण स्वतःच्या गाडीवर "माजी आमदार" अशी पाटी लावून फिरतात. भाच्याचा प्रश्न आकड्याचा असेल, तर आकड्यातही सर कमी नाहीत.

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भाच्याला हा धागा वाचायला दिला. वीजबिलाच्या वहीपाशी तो थांबला, दोनदा वाचले आणि म्हणाला, "हे परीक्षेत येणार नाही, पण चांगले आहे." माझ्या मते हा होकार समजावा.

टिपण पुन्हा लिहायला घेतले आहे. पदांची यादी शेवटी, बारीक अक्षरात जाईल. सुरुवात 1985 च्या विजयाने करणार होतो, ती आता फुलेवाडीच्या नाक्यावरून करतो: शहाऐंशी वर्षांचा, कोणत्याही पदावर नसलेला माणूस आणि वर गेलेली फळी. त्यानंतर सहकार खात्याचे एकोणीस महिने येतील आणि ताराबाईपार्क यांच्या परवानगीने 83 व 88 ही कलमेही येतील, कारण आमच्या वाचनालयात येणाऱ्या निम्म्या मंडळींना ती पाठ आहेत आणि उरलेल्यांना त्यांची भीती आहे. जुना_करवीर यांचे 1990 चे मतही नाव न घालता घेतो आहे. पुणेकरांच्या जिन्याला एक ओळ मिळेल, जास्त नाही. सीमाभाग आणि पेण यांना मिळून एक परिच्छेद.

एक अडचण मात्र आहे. एवढे सगळे चारशे शब्दांत बसत नाही आणि ग्रंथपाल बाई फळ्याच्या चौकटीबाहेर एक ओळही जाऊ देत नाहीत.

ताराबाईपार्क

फेब्रुवारीच्या अंकात दुसरा भाग लावा. 17 फेब्रुवारीला पुलोद सरकार पडले होते, निमित्तही आयते आहे.

भोगावती_काठचा

वहीचे एक पान छायाचित्र काढून पाठवतो. नातवाने धावफलक न लिहिलेले शोधावे लागेल.